किलोमीटरमागे तेराशे कोटी आणि लालबागचा बस थांबा

१०.५८ किलोमीटर, सुमारे १३,९८३ कोटी रुपये. ३३.५ किलोमीटर, सुमारे ३७,२७६ कोटी रुपये. पहिली जोडी मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गाची, दुसरी कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रो ३ ची. भागाकार केला तर किनारा मार्गाचा एक किलोमीटर साधारण १,३२० कोटींना पडला आणि मेट्रोचा १,११० कोटींना. रस्ता स्वस्त आणि मेट्रो महाग, ही समजूत निदान या दोन कामांना लागू पडत नाही. समुद्रात भराव घालून आणि टेकडीखालून बोगदा काढून बांधलेला रस्ता किलोमीटरमागे मेट्रोपेक्षाही महाग पडला आहे.

मग या पैशात तासाला किती माणसं पुढे सरकतात, ते पाहू. किनारा मार्गाच्या बोगद्यात एका दिशेला तीन मार्गिका आहेत. सिग्नल नसलेल्या उत्तम रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त २,००० मोटारी जातात, असं धरू. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर तीन मार्गिकांतून तासाला ९,००० माणसं होतात. मेट्रो ३ च्या आठ डब्यांच्या गाडीची क्षमता सुमारे २,५०० प्रवाशांची आहे. दर पाच मिनिटांनी गाडी सुटली तर एका दिशेला तासाला ३०,००० आणि दर तीन मिनिटांनी सुटली तर ५०,००० माणसं जाऊ शकतात. किनारा मार्गावर दुचाकींना बंदी आहे आणि मुंबईतल्या नोंदणीकृत वाहनांत सुमारे साठ टक्के दुचाकी आहेत. म्हणजे वाहन असलेल्या मुंबईकरांपैकीही मोठ्या वर्गाला या रस्त्याचा थेट उपयोग नाही.

म्हणून रस्ते बांधूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. बसला रस्ता लागतो, रुग्णवाहिकेला लागतो, भाजीच्या टेम्पोलाही लागतो. प्रश्न आहे तो कुठला रस्ता, कोणासाठी आणि कशाच्या आधी, हा. त्याचं उत्तर शोधायला परळ-लालबागसारखी दुसरी जागा नाही.

मेट्रोच्या नकाशातली पोकळी

मेट्रो ३ चा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड ही स्थानकं दादरशी भुयारातून जोडली गेली. ज्या गिरगावकरांनी या कामासाठी आपल्या चाळी सोडल्या, त्यांच्या त्यागाचं चीज व्हायला हवं आणि ते होत आहे. पण दादरहून दक्षिणेकडे निघालेली मेट्रो सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक, महालक्ष्मी अशी पश्चिमेच्या अंगाने जाते. लालबाग, परळ, करी रोड, चिंचपोकळी तिच्या वाटेवर नाहीत.

या पट्ट्याला मोनोरेल होती. जेकब सर्कलपर्यंतचा तिचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. मिंट कॉलनी, आंबेडकर नगर, लोअर परळ ही तिची इथली स्थानकं. २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती आणि नव्या यंत्रणेसाठी ती बंद ठेवण्यात आली. त्याच्या आठच दिवस आधी, १२ सप्टेंबरला, परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला होता. त्याच्या जागी होणारा दुमजली पूल हा शिवडी-वरळी उन्नत मार्गाचा भाग आहे. वरून अटल सेतूकडे जाणारी वाहनं धावतील आणि खालून परळ-प्रभादेवीची.

पूल बंद झाल्यावर वाहनांना दोनच मुख्य वाटा उरल्या, उत्तरेला दादरचा टिळक पूल आणि दक्षिणेला करी रोडचा पूल. प्रभादेवीहून केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या टॅक्सीला वळसा घ्यावाच लागतो. पायी जाणाऱ्याला रेल्वेचा पादचारी पूल आहे. आजारी आईला हाताला धरून एकेक पायरी चढवणारा मुलगा आणि खांद्यावर एक्स-रेची मोठी पिशवी, हे दृश्य या भागात नवीन नाही. नवा पूल हवाच आहे. पण तो होईपर्यंत माणसांनी पलीकडे कसं जायचं, याची सोय पाडकामाच्या आधी व्हायला हवी होती.

इथल्या जिन्यांबद्दल इतक्या कळकळीने लिहायला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस कोसळत असताना, परळ आणि प्रभादेवी याच स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, रोज लाखभर पावलं वाढली. जिना मात्र गिरणीच्या काळातलाच राहिला. चेंगराचेंगरीनंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पादचारी पूल उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. मनावर घेतलं तर किती कमी वेळ लागतो, याचा तो पुरावा आहे.

बसचे आकडे

एमएमआरडीएच्या २००८ च्या व्यापक वाहतूक अभ्यासानुसार मुंबई महानगरात वाहनाने होणाऱ्या प्रवासांपैकी सुमारे ७८ टक्के प्रवास लोकल आणि बसने होत होते. लोकलवरचा भार सगळ्यांना ठाऊक आहे. उपनगरी मार्गांवर दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसं जीव गमावतात. हा भार हलका करू शकणारं, सगळ्यात लवकर वाढवता येणारं साधन म्हणजे बस. तीच आपण आटू दिली.

२०१० च्या सुमारास बेस्टचा ताफा साडेचार हजारांच्या घरात होता. २०२५ मध्ये तो तीन हजारांच्या खाली आला आणि त्यातल्या बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या आहेत. २०१९ च्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचं ठरलं होतं. आज स्वमालकीच्या गाड्या एक हजारही नाहीत. त्याच २०१९ च्या जुलैत किमान भाडं ५ रुपये झालं आणि गेलेले प्रवासी लाखोंनी परत आले. मुंबईकर बसला कंटाळलेला नाही, हे त्या काही महिन्यांनी सिद्ध केलं. पण गाड्या वाढल्या नाहीत. मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. भाडं दुप्पट झालं, थांब्यावर वाट पाहणं होतं तितकंच राहिलं.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात बेस्टसाठी १,००० कोटी ठेवले गेले. शंभर रुपयांतले एक रुपया चौतीस पैसे. किनारा मार्गाच्या एका किलोमीटरला १,३२० कोटी लागले. एका वातानुकूलित विजेच्या बसची किंमत दीड कोटी धरली, तर तेवढ्यात ८८० बस येतात.

ट्रामची वाट

दादरच्या खोदादाद सर्कलला लोक आजही दादर टीटी म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. रस्ता मोकळा व्हावा म्हणून रूळ उखडले गेले. ती मोकळी झालेली जागा मोटारींनी कधीच भरून काढली. आज शहरात ४५ लाखांहून अधिक वाहनं आणि सुमारे २,००० किलोमीटर रस्ते आहेत, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन हजार वाहनं. लालबागला २०११ मध्ये उड्डाणपूल झाला. वरून मोटारी निघून जातात. लालबागच्या थांब्यावर थांबणारी बस मात्र पुलाखालच्या कोंडीतूनच वाट काढते, कारण तिचा प्रवासी खाली उभा आहे.

ट्रामची ती वाट बसला परत द्यावी. डॉ. आंबेडकर मार्गावर दादर टीटी ते भायखळा एक मार्गिका गर्दीच्या वेळी फक्त बस आणि रुग्णवाहिकांसाठी राखून ठेवावी. सिग्नलच्या रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला ८०० मोटारी, म्हणजे १,२०० माणसं जातात असं धरलं, तरी दर मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० प्रवासी, या हिशेबाने त्याच जागेतून ३,६०० माणसं जातील. तिप्पट माणसं, तीही एक इंचही नवा रस्ता न बांधता. सोल शहराने २००४ मध्ये मुख्य रस्त्यांच्या मधोमध बससाठी अशाच मार्गिका काढल्या आणि बससेवा नव्याने उभी केली.

पुढच्या वेळी एखाद्या पुलाचं किंवा रस्त्याचं भूमिपूजन होईल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. यावरून तासाला किती माणसं जाणार? त्यावर बस धावणार का? आणि काम चालू असताना पायी चालणाऱ्याची सोय काय? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळेपर्यंत आपल्या पैशाचा हिशेब पूर्ण झाला, असं समजू नका.