भूतदया आणि भटकीं कुत्रीं

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराज स्वर्गद्वारीं पोहोंचतो, तेव्हां त्याच्यासमवेत बंधु नाहींत, पत्नी नाहीं. केवळ एक कुत्रा आहे. आश्रयास आलेल्या प्राण्यास टाकून मिळणारें स्वर्गसुख मला नको, असें तो इंद्रास स्पष्ट सांगतो. ही कथा आपण मुलांस मोठ्या अभिमानानें ऐकवितों. परंतु एखादें कुत्रें अंगणांत डोकावलें कीं त्याच घरांतून पहिला शब्द निघतो तो 'हाड्!' हाच. यांत केवळ निष्ठुरता असते असें नाहीं. अंगणांत नातवंडें खेळत असतात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचें भय खरें आहे. सुश्रुतानें अलर्कविषाचें वर्णन करतांना जलसंत्रास हें मरणाचेंच चिन्ह मानलें. आजही त्या रोगाचीं लक्षणें एकदां उमटलीं म्हणजे रोगी वांचणें जवळजवळ अशक्य असतें. दया आणि भय हीं दोन्ही रास्त असतां गृहस्थानें वागावें कसें? जयपूर येथील पशुवैद्यांनीं या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें, तें जाणून घेण्याजोगें आहे.

क्रिस्टल रॉजर्स नांवाच्या इंग्रज बाई प्रवासांत हिंदुस्थानांत उतरल्या असतां, रस्त्यावर मरणोन्मुख पडलेल्या मुक्या जनावराची दैना पाहून येथेंच राहिल्या. त्यांनीं १९८० सालीं जयपुरांत 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था काढली. बाई स्वतः वैद्य नव्हत्या. करुणा त्यांची, पण शास्त्राची जोड पशुवैद्यांनीं दिली.

समोर आलेल्या रोग्यास बरें करणें हा वैद्याचा धर्म. रस्त्यावरील कुत्र्यांच्या बाबतींत मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. मोटारीखालीं सांपडलेल्या एकाचा पाय बांधून होतो न होतो, तोंच खरजेनें सडलेलें दुसरें दाराशीं उभें असतें. कुत्री सुमारें ६३ दिवसांत विते. एका वेतास पांचसहा पिलें सहज होतात आणि त्यांतलीं पुष्कळशीं उपासमारीनें व रोगानें मरतात. सरसकट ठार मारण्याचा उपायही टिकत नाहीं. जीं उरतात त्यांस खरकटें अधिक मिळतें, मोकळ्या झालेल्या आळींत शेजारचीं येतात, आणि थोड्याच काळांत संख्या पूर्ववत् होते. लोकांचीं मनें दुखावतात तीं वेगळींच. १८३२ सालीं मुंबईंत कुत्रीं मारण्यावरून पारशी मंडळींनीं मोठा दंगा केला होता, हें प्रसिद्धच आहे.

म्हणून १९९४ च्या नोव्हेंबरपासून जयपुरांत निराळा क्रम सुरू झाला. कुत्रें पकडावें, संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी, आणि जेथून आणलें तेथेंच सोडावें. डॉ. रीस व डॉ. चावला यांनीं या कार्याचा हिशेब पुढें प्रसिद्ध केला. डिसेंबर २००२ पर्यंत २४,९८६ कुत्रीं पकडण्यांत आलीं. त्यांपैकीं शेंकडा ६.८ कुत्र्यांस, मुख्यतः असाध्य रोगांमुळें, वेदनारहित मरण द्यावें लागलें. बाकीचीं परत सोडलीं. शेंकडा ६५ माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, कुत्र्यांची संख्या शेंकडा २८ नें घटली, आणि त्या भागांत माणसांस होणारा अलर्करोग शून्यावर आला. पुढें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. विण्याच्या हंगामानंतर कांहीं आठवड्यांनीं चावण्याचे प्रसंग वाढतात. पिलांच्या रक्षणास सजलेली आई अंगावर येते. वेत टळलें म्हणजे तो क्रोधही टळतो.

२००१ च्या केंद्रीय नियमांनीं हीच रीत देशभर मान्य केली. २०२३ सालीं ते नियम नव्यानें आले. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२५ रोजीं दिल्ली परिसरांतील भटकीं कुत्रीं निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजीं तो बदलून, पिसाळलेलीं व आक्रमक वगळतां इतर कुत्रीं लस व शस्त्रक्रियेनंतर पूर्वस्थळीं सोडण्यास सांगितलें. ७ नोव्हेंबर रोजीं शाळा, रुग्णालयें, बस व रेल्वे स्थानकें यांच्या आवारांतून नेलेलीं कुत्रीं मात्र तेथें परत आणूं नयेत असें ठरविलें.

गृहस्थानें काय करावें? केवळ शिळी भाकर टाकून पुण्य पदरीं पडत नाहीं. ज्या कुत्रीस आपण जेवूं घालतों, तिची शस्त्रक्रिया व लस यांची व्यवस्था करणें हाही त्या दयेचाच भाग आहे. मुलांचा हट्टच असेल तर महागडें विलायती कुत्रें न आणतां निराश्रित देशी पिलूं आणावें. तें आपल्या हवेंत निभावतें. मात्र सुनांवर नवें ओझें टाकण्यापूर्वीं त्याचें खाणेंपिणें, फिरविणें व औषधपाणी कोण पाहील, हें घरांतील सर्वांनीं बसून ठरवावें. आणि कुत्रें चावलेंच, तर जखमेवर हळद-तिखट न भरतां ती साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. येथें एक दिवसाचाही आळस नको.

शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानास ओळखीची खांच पाडलेली असते. ती मुलांस दाखवावी व तिचा अर्थ सांगावा. म्हणजे हातांतील दगड खालीं ठेवण्यास त्यांस एक सबळ कारण मिळेल.