आकडा आला कोठून?

कोलकात्याच्या अलीपूर भागात, बेल्व्हेडिअरच्या आवारात, राष्ट्रीय ग्रंथालय आहे. १९५३ साली ते येथे वाचकांस खुले झाले. १९५४ च्या कायद्यान्वये देशातील प्रकाशकांनी आपल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत येथे पाठवावयाची असते. समजा, एखादा विद्यार्थी येथे येऊन विचारतो : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती माणसे मृत्युमुखी पडली? दुष्काळ चौकशी आयोगाचा १९४५ चा अहवाल सांगतो, सुमारे १५ लाख. अमर्त्य सेन यांचा १९८१ चा ग्रंथ सांगतो, सुमारे ३० लाख. दोन्ही आधार जबाबदार लेखणीतून उतरलेले आहेत. मग विश्वास कोणावर ठेवावयाचा?

सरकारी म्हणून आकडा खरा मानणे सोपे. सरकारी म्हणूनच तो खोटा ठरविणे त्याहूनही सोपे. अभ्यासकाने मात्र आकडा कोणी, कसा आणि कोणत्या काळासाठी मोजला, हे विचारले पाहिजे.

आयोगाचा अंदाज मुख्यतः मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला असून तो १९४४ च्या मध्यापर्यंतचाच होता. खेड्यातील मृत्यूची खबर चौकीदाराने द्यावयाची. परंतु त्या काळात काही चौकीदार स्वतःच मरण पावले, तर काही पोटासाठी गाव सोडून गेले. ही उणीव खुद्द आयोगानेच नमूद करून ठेवली आहे. सेन यांनी नोंदींतील तूट जनगणनेच्या आधारे अजमावली व दुष्काळामागून आलेल्या रोगराईचे बळी १९४६ पर्यंत मोजले. दोन आकडे वेगळे का, याचे उत्तर असे त्या दोन ग्रंथांतच सापडते.

भात किती पिकले, हा प्रश्नही तितकाच अवघड होता. महाराष्ट्रात तलाठ्याच्या दप्तरात पिकाची नोंद असते. १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे बंगालच्या बहुतेक भागात अशी गावपातळीची महसुली यंत्रणाच उभी राहिली नव्हती. त्यामुळे पिकाचे सरकारी आकडे बव्हंशी नजरअंदाजाचे असत.

या उणिवेवर उपाय शोधणारी संस्था कोलकात्यातच उभी राहिली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि त्याच दशकात बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. सर्व शेते मोजण्याऐवजी यदृच्छेने निवडलेली थोडी शेते मोजावयाची, हे तिचे तत्त्व. महालनोबिस यांनी त्यास एक जोड दिली : एकाच प्रदेशात दोन पथके परस्परांपासून स्वतंत्रपणे पाठवावयाची. दोघांचे निष्कर्ष जुळले तर भरवसा वाढतो. न जुळले तर चूक किती असू शकेल, हे कळते. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे त्यांचीच प्रेरणा होती.

परंतु पद्धत शास्त्रीय असली, तरी तीही तपासावी लागते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात महालनोबिस यांच्या पीककापणी-प्रयोगांवर आक्षेप घेतला. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, तर सीमेवरील रोपे आतच धरण्याकडे कल होतो आणि उत्पन्न फुगलेले दिसते, असे त्यांनी दाखविले. वाद तीव्र झाला. तथापि दोन्ही बाजूंनी आपल्या रीती व आकडे प्रसिद्ध केल्यामुळे तिसऱ्यास त्यांची पारख करता आली.

शाळेच्या लहानशा ग्रंथालयातही हे करता येते. वृत्तपत्रात एखादा आकडा वाचला, की तो ज्या अहवालातून घेतला तो मूळ अहवाल मागवावा. त्यातील पद्धतीचे प्रकरण व परिशिष्टे आधी वाचावीत, मर्यादा कोठे सांगितल्या आहेत ते पाहावे, आणि त्याच विषयावरील दुसरा स्वतंत्र आधार शेजारी ठेवावा. जो अहवाल आपली उणीव लपवीत नाही, त्याच्यापासून अभ्यासास प्रारंभ करावा. धान्य कोठे व किती पाठवावयाचे, हे अशाच आकड्यांवरून ठरते; आणि बंगालच्या त्या खेड्यांत मेलेल्या माणसांची नोंद करावयास पुष्कळदा कोणी उरलेच नव्हते.