खाणीचा खड्डा आणि गावाचा ठराव

आम्ही ज्या गावात शिकवत होतो, तिथं गायरानाच्या कडेला दगडाची खाण होती. दगड संपला. खाणवाला यंत्रं घेऊन गेला. खड्डा तेवढा राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं. पोरं पोहायला जाऊ लागली. एका वर्षी चौथीतलं एक पोर वर आलंच नाही. तेव्हा गाव विचारू लागलं, "हा खड्डा कोणी नीट करायचा?" उत्तर कोणापाशीच नव्हतं. हा प्रश्न खाण सुरू होण्याआधीच विचारायला हवा होता.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात काळा पाषाण भरपूर आहे. वेरूळची लेणी त्यातच कोरलेली आहेत. त्याच दगडाची खडी आज रस्त्याला आणि घराला लागते. तेव्हा दगड काढावाच लागणार. पण नंतर जमीन उघडी टाकायची का?

कायदा काय सांगतो ते पाहू. दगड, मुरूम, वाळू यांना गौण खनिज म्हणतात. खाणीचं काम जिल्हाधिकारी कचेरीतून चालतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ५ हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरणाची मंजुरी पाहिजे. पुढं ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयानं सरकारला सांगितलं, की खाणवाल्यांना एक अट घाला. काम संपल्यावर त्यांनी तिथं पुन्हा गवत लावावं. जमीन अशी करावी, की तिच्यावर चारा आणि झाडं उगवतील.

नुसत्या दगडावर झाड जगेल का? जगणार नाही. म्हणून खणण्याआधी वरची माती काढून वेगळी ठेवावी लागते. काम झाल्यावर कडा उतरत्या करून ती माती पसरतात. आधी गवत लावतात, मग झाडं. माती कमी पडली तर तळ्यातला गाळ कामी येतो. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या उजाड ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं साखर कारखान्याची मळी आणि जिवाणू खतं घातली. त्यावर साग, कडुनिंब, शिसू अशी झाडं वाढली.

आता गावाचं काम काय? आदिवासी भागासाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला. त्या भागात गौण खनिजाच्या खाणीला आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. आपला जिल्हा त्या भागात येत नाही. आपल्या शब्दाला तेवढं बळ नाही. म्हणूनच आपला ठराव लेखी पाहिजे, वेळेवर पाहिजे आणि नेमका पाहिजे. "खाण नीट करावी" एवढं लिहून भागत नाही. असं लिहावं :

१. वरची माती कुठं ठेवणार?
२. खड्ड्याला कुंपण कधी घालणार?
३. खड्डा भरणार, की उतरत्या कडांचं तळं करणार?
४. कोणतं गवत आणि कोणती झाडं लावणार?
५. तीन उन्हाळे पाणी कोण घालणार?

ठरावाची एक प्रत जिल्हाधिकारी कचेरीत द्यावी आणि पोच घ्यावी. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा होते. तिथंही हा विषय निघावा. चारा आणि सरपण बहुतेक घरांत त्याच आणतात. कुठलं गवत गुरं खातात, ते त्यांना विचारा.

पैशाचीही एक वाट आहे. २०१५ साली कायदा बदलला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली. खाणवाले तिथं पैसा भरतात. तो खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी असतो. त्यातून काम मागण्यासाठीही ठराव करता येतो. मात्र खाणवाल्याची जबाबदारी त्यामुळं सुटत नाही.

शेवटी एकच सांगतो. आजवर ठरावाच्या वहीवर तुम्ही अंगठा लावलात. आत काय लिहिलंय ते दुसऱ्यानं सांगितलं, तेच खरं मानलंत. आता तुम्हाला वाचता येतं. पुढच्या ग्रामसभेत वही मागून घ्या. हे पाच प्रश्न तिच्यात आहेत का, ते स्वतः वाचा. मगच सही करा.