विश्रांत हाताचे समीकरण आणि तापलेले यकृत

यकृतातील अर्बुदात सुई खुपसून ते उष्णतेने नष्ट करण्याची रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनची पद्धत आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. सुईभोवतीचा किती भाग मृत होईल, याचा अंदाज संगणकीय प्रतिरूपाने आधीच बांधता येतो. पडद्यावरचे ते रंगीत चित्र मोठे विश्वासार्ह भासते. त्यामागे कोणते आकडे भरले आहेत, हे विचारणारा वैद्य मात्र विरळाच. अर्बुदाभोवती किमान ५ मिलिमीटरची निरोगी कडही जळावी, अशी अपेक्षा असते. आकड्यांतील चूक नेमकी ही कडच गिळून टाकू शकते.

या गणिताचा पाया हॅरी पेनेस यांनी १९४८ मध्ये घातला. स्वयंसेवकांच्या कोपराखालील विश्रांत हातात थर्मोकपल घालून त्यांनी तापमाने मोजली आणि रक्त व ऊती यांच्यातील उष्णतेच्या देवाणघेवाणीचे समीकरण मांडले. तेथे फरक थोड्याच अंशांचा होता. म्हणून ऊतींचे गुणधर्म स्थिर मानणे गैर नव्हते. तेच समीकरण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचणाऱ्या यकृताला लावताना हे गृहीतक कोसळते.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एका आकड्याऐवजी तापमानानुसार बदलणाऱ्या मूल्यांचे कोष्टक भरावे लागते. यकृताची उष्णतावाहकता (सुमारे ०.५ वॅट प्रति मीटर-केल्विन) फारशी बदलत नाही, तिच्यावर वेळ दवडू नये. विद्युतवाहकतेचे तसे नाही. ती दर अंशामागे साधारण दीड ते दोन टक्क्यांनी वाढते, आणि पाणी उकळून ऊती कोरड्या पडल्या की एकदम ढासळते. यंत्रावरील रोध अचानक उसळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगणे नकोच. कोष्टक ९० अंशांवरच संपवले, तर काही सॉफ्टवेअर शेवटचे मूल्य तसेच पुढे वापरते, काही चढती रेषा तशीच लांबवते; दोन्ही उत्तरे चुकीची, आणि इशारा मिळेलच असे नाही. पाण्याची वाफ होताना लागणारी अप्रकट उष्माही १०० अंशांजवळच्या विशिष्ट उष्म्यात मिळवावी लागते. हा चढ फार अरुंद ठेवला, तर गणनेची पावले त्यावरून उडी मारून जातात.

रक्तप्रवाहाची गोष्ट याहून अवघड. उष्णतेने तो आरंभी वाढतो आणि ऊती गोठल्यावर थांबतो. केवळ तापमानाचे कोष्टक दिले, तर सुई बंद होऊन ऊती थंड होताच संगणक त्या मृत भागात पुन्हा रक्त खेळवू लागतो! उकडलेले अंडे गार झाले म्हणून कच्चे होत नाही. म्हणून हा प्रवाह क्षणाच्या तापमानाशी नव्हे, तर साचत गेलेल्या हानीशी जोडतात. त्यासाठी हेन्रिकेस व मोरिट्झ यांनी १९४७ मध्ये त्वचेच्या भाजण्यावरून मांडलेले सूत्र आजही उपयोगी पडते.

उच्च तापमानाचे बरेचसे आकडे प्रयोगशाळेतील गाईच्या वा डुकराच्या, रक्ताभिसरण थांबलेल्या यकृतावर मोजलेले आहेत. समोरचा रुग्ण बहुधा सिरॉसिसचा असतो.