मासे दाखवणारे यंत्र : घेण्याआधी दोरीने पाणी मोजा

पाबळसारख्या जिरायती गावात होडीचा आणि मासेमारीच्या यंत्राचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण आपल्या शिरूर-दौंड भागात मासेमारीचे पाणी आता दूर राहिलेले नाही. चिंचणीला घोड धरण आहे. केंदूरजवळ थिटेवाडीचे धरण आहे. दौंडच्या खालच्या अंगाला खानोटा-राजेगावकडे उजनीचा फुगवटा आहे. एक भाऊ नांगर धरतो, तर दुसऱ्याच्या सासुरवाडीचे लोक भिगवणच्या बाजारात मासळी नेतात, अशी घरे आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यातून घरोघरी शेततळी झाली आणि त्यांत मत्स्यबीज पडू लागले. त्यामुळे पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, ज्याला दुकानदार फिश फाइंडर म्हणतात त्याची, जाहिरात आता मोबाइलवरून थेट ओसरीपर्यंत येते. यंत्र वाईट नाही. पण कोणत्या पाण्याला कोणते यंत्र, आणि कोणत्या पाण्याला कोणतेच नको, हे आधी समजून घेतले तर घरचा पैसा वाचेल.

यंत्र करते तरी काय?

विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो. यंत्राचे सारे काम एवढेच आहे. होडीच्या बुडाशी एक लहान गोळा बसवतात, त्याला ट्रान्सड्युसर म्हणतात. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर गोड्या पाण्यात सुमारे १४८० मीटर. पाणी १५ मीटर खोल असेल तर आवाज तळाला जाऊन परत येण्यास सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र खोली काढते. वाटेत मासा आला, तर त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवर आपटून आवाज लवकर परततो आणि पडद्यावर खूण उमटते.

ही विद्या पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याच्या धडपडीतून पुढे आली. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली ती मासेमारीसाठी बाजारात आणली. आज समुद्रातल्या मोठ्या नौकांपासून लहान होडीपर्यंत तिचे अनेक प्रकार मिळतात.

येथे आपल्या पाबळचेच उदाहरण घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करता करता शिकण्याची पद्धत रुजवली. जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजायचा आणि त्यावरून भूगर्भात पाणी कुठे असावे याचा अंदाज बांधायचा, हेही काम या आश्रमाने केले. ते यंत्र पाणी दाखवीत नाही, रोध दाखवते. त्यावरून पाण्याचा अंदाज माणसाने बांधायचा असतो. तसेच हे यंत्र मासा दाखवीत नाही, प्रतिध्वनी दाखवते. तो मासा की शेवाळ, की बुडलेली बाभूळ, हे ठरवायला पाण्याची ओळख लागते.

आपले पाणी कोणते?

म्हणून पहिली खरेदी यंत्राची नको, दोरीची करा. वीस-पंचवीस मीटर दोरी घ्या, टोकाला किलोभर वजन बांधा आणि मीटरमीटरवर गाठ मारा. वावाने मोजण्याची सवय असेल तर वावावर गाठ मारा, काही बिघडत नाही. तुम्ही नेहमी जाळे टाकता अशा वीस ठिकाणी ही दोरी सोडून वहीत खोली लिहा, तारीख लिहा, आणि त्या दिवशी धरणात पाणी किती होते तेही लिहा. पावसाळ्याअखेर जेथे दहा मीटर पाणी असते तेथे मे महिन्यात गुडघाभर उरते, हे धरणाकाठच्या माणसाला सांगायला नको. वर्षातून दोनदा हे काम केले की तुमचे पाणी तुम्हाला कळेल.

खोली का महत्त्वाची? यंत्राचा आवाज सुपासारखा पसरत खाली जातो. नेहमीच्या साध्या यंत्राचा पसारा २० अंशांचा धरला, तर १० मीटर खोलीवर ते तळाचा साडेतीन मीटर रुंदीचा गोल पाहते. पाणी ३ मीटरच असेल तर तो गोल जेमतेम एक मीटरचा, म्हणजे बाजेएवढाही नाही. उथळ पाण्यात होडीची चाहूल लागून मासा आधीच बाजूला सरकतो. तुमचे मासेमारीचे पाणी वर्षातील बराच काळ ३-४ मीटरच्या आत असेल, तर यंत्राचा नाद सोडा.

शेततळ्याला तर ते मुळीच नको. तेथे किती बीज सोडले हे तुम्हाला ठाऊक असते. महिन्यातून एकदा फेकजाळे टाकून दहा-वीस मासे तोलले की वाढ कळते. त्याऐवजी काळ्या-पांढऱ्या रंगाची एक तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाण्यात माशांचे नैसर्गिक खाद्य बेताचे आहे, असे समजावे. खूप आधीच दिसेनाशी झाली आणि पाणी गर्द हिरवे असेल, तर पहाटे प्राणवायू कमी पडण्याचा धोका असतो. घरच्या पत्र्याच्या झाकणाची ही तबकडी शेततळ्यात महागड्या पडद्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

कोणता मासा दिसतो?

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. होडी जवळ आली की वरचा कटला बाजूला होतो आणि यंत्राच्या सुपात येतच नाही. तळाला चिकटलेल्या मृगळाचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो. मरळ काठच्या गवतात आणि चिलापी बहुधा उथळ कडेला, तेथे यंत्र आंधळे. खोल पाण्यात मधल्या थरातला रोहूचा थवा तेवढा चांगला दिसतो. म्हणजे पडदा कोरा दिसला तरी पाण्यात मासा नाही असे नव्हे.

आणखी एक गैरसमज. पडद्याची उजवी कडा म्हणजे आत्ता होडीखाली असलेले पाणी, आणि डावीकडे सरकत गेलेले चित्र म्हणजे मागे पडलेले पाणी. ते होडीच्या डाव्या बाजूचे चित्र नव्हे. हे न कळल्यामुळे डावीकडे जाळे टाकणारे पुष्कळ. तसेच पडद्यावर माशाचे सुबक चित्र उमटवण्याची जी सोय असते, ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. बुडबुडा, पालापाचोळा, तरंगती पिशवी या सगळ्यांचे ती मासे करते. ती बंद ठेवून कमानीसारख्या खुणा वाचायला शिका. तळाची रेघ जाड आणि ठळक असेल तर तळ कठीण, फिकी आणि पातळ असेल तर गाळ, हेही हळूहळू कळू लागते.

उजनीत खरा उपयोग कोठे?

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे, मळे, देवळे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाणी ओसरले की वर येते, हे आपण पाहतो. जी भिंत उन्हाळ्यात दिसते ती पावसाळ्यानंतर पाण्याखाली असते आणि तिच्यावर जाळे फाटते. जुन्या विहिरींचे कठडे, झाडांची खोडे, बांध यांचेही तसेच. अशा पाण्यात यंत्राची पहिली कमाई मासा दाखवण्यात नाही, जाळे वाचवण्यात आहे. ज्या यंत्रात जागेची नोंद ठेवण्याची सोय असते त्यात अशी एकेक जागा एकदा नोंदली की ती कायम कळते. आपल्या धरणांचे तयार नकाशे यंत्रात असतील अशी आशा धरू नका. आपला नकाशा आपणच करायचा.

घेताना काय पाहावे?

१. आवाजाची जात : यंत्रावर किलोहर्ट्झचा आकडा असतो. ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल समुद्रासाठी. २०० किलोहर्ट्झचा आवाज कमी खोलीत बारकावा दाखवतो. आपल्या धरणांना २०० पुरे. शेकडो मीटर खोली दाखवणाऱ्या यंत्राचे जादा पैसे देऊ नका.

२. बाजूचे चित्र : ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारी यंत्रे मिळतात. बुडालेली झाडे-भिंती त्यांत स्पष्ट दिसतात, पण किंमत बरीच जास्त. चार-सहा होड्यांनी किंवा संस्थेने मिळून घ्यावे असे हे यंत्र आहे.

३. गोळा बसवणे : गोळ्याखालून बुडबुडे गेले की चित्र बिघडते. भरीव फायबरच्या बुडातून आवाज जाऊ शकतो, लाकडातून किंवा मध्ये पोकळी असेल तर नाही. लहान होडीला सर्वांत सोपा उपाय म्हणजे गोळा बांबूला घट्ट बांधून कडेने पाण्यात सोडणे. उथळ जागी तो वर घेता येतो.

४. वीज : लहान यंत्र १२ व्होल्टवर चालते. बॅटरीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी घरात असेल, तर अर्धा अँपिअर ओढणारे यंत्र तीवर दिवसभर चालू शकते. फ्यूज बसवल्याशिवाय जोडू नका आणि तारांची उलटापालट होऊ देऊ नका.

५. पडदा : दुकानात सगळेच पडदे छान दिसतात. यंत्र भर उन्हात बाहेर आणून पाहा. पाणी आत शिरत नाही याची खात्री पावतीवर आणि हमीपत्रावर लिहून घ्या.

६. दुरुस्ती : बिघडल्यास कोठे न्यायचे, वेगळा गोळा मिळतो का, हे विचारा. ज्याचा गोळा मिळत नाही ते यंत्र एका ठोकरीत भंगारात जाते.

पाण्यात फेकून मोबाइलवर चित्र पाहायचे लहान गोळेही मिळतात. धरणाची खोली मोजायला आणि यंत्र आपल्याला उमगते का हे पाहायला ते बरे. रोजच्या मासेमारीला मात्र मोबाइल भिजण्याची धास्ती असते.

तुमचे कोणी पाहुणे रत्नागिरी-हर्णैकडे समुद्रावर असतील, तर त्यांची गरज वेगळी. तेथे खोल पाण्याचे यंत्र लागते. शिवाय उपग्रहाने टिपलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे असण्याचा संभव आहे, याची सूचना हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था मच्छीमारांना देते. समुद्रासाठी शिफारस केलेले यंत्र मात्र आपल्या धरणावर आणू नये.

घरचा हिशेब

मासळी विकून पैसे मोजणाऱ्या भगिनींनी हा भाग आवर्जून वाचावा. समजा, यंत्र, बॅटरी आणि बसवणी मिळून ४०,००० रुपये लागले आणि ते पाच वर्षे चालले. म्हणजे वर्षाला ८,०००. दुरुस्तीचे २,००० धरा, एकूण १०,०००. वर्षात २०० दिवस होडी पाण्यात गेली तर दिवसाला ५० रुपये. तेवढी मासळी रोज वाढली, किंवा तेवढे जाळे आणि डिझेल वाचले, तरच यंत्र फिटले. उसनवारी केली असेल तर व्याज वेगळे. आता तुमच्या दुकानदाराने सांगितलेली किंमत घालून हा हिशेब पुन्हा करा. अनुदान मिळते म्हणून कोणी सांगत असेल, तर ते नेमक्या याच यंत्राला लागू आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात स्वतः विचारा आणि मगच पैसे द्या.

या हिशेबाआधी आणखी एक खर्च येतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण दगावले. होडीत जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे, आणि वळवाचे ढग दिसताच काठ धरणे, हे आधी. पडदा त्यानंतर. घरातल्या बाईने हा हट्ट धरलाच पाहिजे.

यंत्र मासा वाढवीत नाही

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? बारीक आसाच्या वडाप जाळ्याने बोटभर पिलेही ओढून काढली, तर पुढच्या साली पडद्यावर दाखवायला काही उरणार नाही. उलट मासा नेमका दाखवणारे यंत्र आणि बारीक जाळे एकाच होडीत आले, तर धरण रिकामे होण्यास वेळ लागणार नाही. म्हणून ज्या गावच्या मासेमारांना यंत्र घ्यायचे असेल त्यांनी आधी एकत्र बसून जाळ्याच्या आसाचा आणि पावसाळ्यातील विणीच्या दिवसांत जाळे न टाकण्याचा नियम पक्का करावा. प्रत्येक होडीला पडदा नसला तरी चालेल. संस्थेचे एक यंत्र असावे, त्याने पाण्याखालच्या अडथळ्यांचा नकाशा करावा आणि तो सर्वांनी वापरावा.

तेव्हा दुकानाकडे निघण्यापूर्वी येत्या आठवड्यात एवढे करा. दोरीला गाठी मारा, वीस ठिकाणी पाणी मोजा, आणि कोठे किती जाळे फाटले ते आठवून त्याच वहीत लिहा. वहीतले आकडे खोल असतील आणि फाटक्या जाळ्यांचा खर्च मोठा असेल, तर यंत्र जरूर घ्या. नसेल, तर तो पैसा चांगल्या जाळ्यात, निवडक बीजात आणि जीवरक्षक जाकिटांत घाला.