पाटी आणि दप्तर

आपल्याकडील जुन्या घरांतून लिहिण्याची दोन साधने पिढ्यान्‌पिढ्या नांदली. मुलांच्या हाती पाटी आणि कर्त्या माणसांपुढे दप्तर. पाटीवर अक्षर गिरवावे, हिशेब मांडावा आणि पुसून टाकावा. दप्तरात मात्र कागद राहावयाचा, त्यावर शेरा पडावयाचा, दहा वर्षांनी तो पुन्हा काढता यावयाचा. ज्यांचे पूर्वज संस्थानच्या चाकरीनिमित्त येथे आले आणि येथलेच झाले, त्या घरांना या दोहोंतील अंतर सांगावयास नको.

आज हीच जोडी नव्या वेषात घरात आली आहे. काचेची पाटी म्हणजे टॅब्लेट आणि घडीचे दप्तर म्हणजे लॅपटॉप. नातवंड कॉलेजात जाऊ लागले, की दोहोंपैकी काय घ्यावे, असा प्रश्न पडतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: टॅब्लेटमध्ये लॅपटॉपचीच कार्यप्रणाली घातली, तर एकाच वस्तूत दोन्ही कामे साधणार नाहीत काय?

कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणता प्रोग्रॅम चालावा, फाईल कोठे ठेवावी, बाहेरच्या कोणास आत घ्यावे, हे तो पाहतो. लॅपटॉपवरील विंडोज काय किंवा मॅक-ओएस काय, हे कारभारी धन्याला बरीच मोकळीक देतात. आयपॅडचा कारभारी कडक शिस्तीचा आहे. प्रोग्रॅम सहसा कंपनीच्याच दुकानातून घ्यावयाचा, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खोलीत डोकवावयाचे नाही. या शिस्तीचे फायदेही आहेत. यंत्राला सहसा विषाणूची बाधा होत नाही, बॅटरी दिवसभर पुरते, आणि घरातील वृद्ध मंडळीही कोणाला न विचारता फोटो पाहू शकतात, नातवंडांशी बोलू शकतात.

गंमत अशी, की या पाटीची मूळ कल्पना इतकी सोवळी नव्हती. अमेरिकेतील ॲलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढे, मुलांनी बरोबर घेऊन हिंडावे असे ते यंत्र होते. मात्र त्यावर मुलांनी नुसते वाचावे, एवढाच के यांचा हेतू नव्हता. त्यांनी लिहावे, चित्रे काढावीत, स्वतः प्रोग्रॅम रचावेत, हा त्यातला मुख्य भाग होता. पाटी ही मुळात लिहिण्यासाठीच कल्पिली गेली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे २००१ साली बिल गेट्स यांनी भाकीत केले, की पाच वर्षांत अमेरिकेत खपणाऱ्या संगणकांत टॅब्लेट हाच सर्वांत लोकप्रिय प्रकार ठरेल. दुसऱ्या वर्षी टॅब्लेटसाठी विंडोजची खास आवृत्ती निघाली. भाकीत मात्र फसले. यंत्रे महाग होती, जड होती, आणि त्यांतील कारभारी माऊसच्या सवयीचा होता. माऊसचा बाण सुईच्या टोकासारखा असतो. बोटाचे टोक सुमारे सेंटिमीटरभर रुंद. बाणासाठी आखलेल्या बारीक बटणांवर बोट ठेवावे, तर शेजारची दोन बटणे दबावयाची! तेव्हाची यंत्रे बहुधा बोटाऐवजी लेखणीने चालत, पण तिनेही ही अडचण पुरती सुटली नाही. शिवाय उभ्या पडद्याकडे हात लांबवून तासभर काम करणे म्हणजे खांद्याला शिक्षाच.

२०१० साली ॲपलने उलटी वाट धरली. फोनचा कारभारी मोठ्या पाटीवर आणला आणि आयपॅड यशस्वी झाला. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ मध्ये बोटाचा आणि माऊसचा कारभार एकत्र कोंबला. त्यात नेहमीचे ‘स्टार्ट’चे बटणही नाहीसे झाले, आणि ओरड इतकी झाली की पुढल्याच वर्षी ते परत आणावे लागले. त्याच वर्षी आलेल्या सरफेस आरटी या टॅब्लेटचे रूप विंडोजचे होते, पण जुने विंडोज प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते. २०१३ साली त्या मालापायी कंपनीला ९० कोटी डॉलर तोटा खाती टाकावे लागले. संपूर्ण विंडोज चालवणारा सरफेस प्रो मात्र टिकून राहिला. सक्तीचा संकर लोकांना रुचला नाही. ज्यांना जुने काम खरोखरच करता आले, त्यांनी यंत्र ठेवून घेतले.

यंत्राची ताकद अपुरी, ही सबब आता उरलेली नाही. २०२० साली मॅकमध्ये बसवलेली एम१ चिप पुढल्या वर्षी आयपॅड प्रोमध्ये आली. २०२४ साली तर एम४ चिप मॅकच्या आधी आयपॅडलाच मिळाली. म्हणजे घोडा तोच, लगाम तेवढा आखूड! ॲपलने तो हळूहळू सैल केला आहे, हेही खरे. २०२० साली माऊसची सोय झाली, आणि २०२५ साली लहानमोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरची मेनूपट्टीही आली. तरी मॅक-ओएस त्यावर घालण्याची मुभा धन्याला नाही.

हा लगाम आपल्याला कोठे काचतो, ते पाहावे. मराठी छपाईचे पुष्कळ काम वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या, विंडोजसाठी घडवलेल्या साधनांवर झाले आहे. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची किंवा घराण्याच्या कुलवृत्तांताची जुन्या टंकातील फाईल आहे, असे समजा. ती दुरुस्त करून नवी आवृत्ती काढावयाची, तर ते साधनच हवे, आणि ते आयपॅडवर बसत नाही. युनिकोडमुळे नवे मराठी लेखन कोणत्याही यंत्रावर होऊ शकते, ही मोठीच सोय झाली. पण जुने धन ज्या पेटीत आहे, तिची किल्ली जुन्याच कारभाऱ्यापाशी आहे. इंग्रजीची मोठी बाजारपेठ पाहून नवी साधने लवकर घडतात. लहान भाषिक समाजाला आहे त्या साधनांवर दीर्घकाळ निभवावे लागते. म्हणून यंत्र उघडे असण्याची गरज त्यांना अधिक.

तेव्हा टॅब्लेटवर संपूर्ण कार्यप्रणाली असावी काय? आमच्या मते असावी. पण धन्याच्या इच्छेने. पाटी हाती धरली तेव्हा ती बोटाच्या सोयीने चालावी. कळफलक आणि माऊस जोडला, की ज्याला हवे त्याला पुरे दप्तर उघडता यावे. तसे केल्याने बॅटरी लवकर संपेल, सुरक्षितता थोडी कमी होईल. ही किंमत द्यावयाची की नाही, हे विकत घेणाऱ्याने ठरवावे. आज ते विकणारा ठरवतो, आणि आक्षेप आहे तो एवढाच.

तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी खरेदीपूर्वी मुलाला एवढेच विचारावे, की यावर तू काय करणार आहेस? वाचणे, ऐकणे, चित्र काढणे, टिपणे घेणे असेल, तर टॅब्लेट उत्तम. प्रोग्रॅम लिहिणे, मोठा प्रबंध रचणे, आजोबांच्या जुन्या फाईली सांभाळणे असेल, तर तूर्त लॅपटॉपच घ्यावा. आणि दोन्ही घेण्याची ऐपत नसेल, तर ज्यावर मूल स्वतः काही घडवू शकेल, ते यंत्र आधी घरात यावे.