पुण्याच्या पेठांतील लोकर

पुणे हे काही थंडीचे शहर नव्हे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, माघ सरता सरता ती कपाटात परत जाते. आणि तरीही तुळशीबागेपासून रविवार पेठेपर्यंतच्या आटोपशीर टापूत लोकर विकणारी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहेत, याचे कारण हवामानात शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. विणकामाची आवड असलेल्या माणसाने एक अख्खा दिवस मोकळा काढून ही दुकाने पायी पालथी घातली, गल्ल्यावर बसलेल्यांशी चार शब्द बोलले, आणि गिऱ्हाइके काय मागतात याकडे कान दिला, म्हणजे ध्यानात येते ते हे, की या व्यापाराचा खरा आधार बाळंतविडा आहे.

फेरीला आरंभ तुळशीबागेतून करावा. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती जी बाजारपेठ वाढली, तिच्यात पूजेच्या उपकरण्यांपासून भातुकलीपर्यंत संसाराचा यच्चयावत जिन्नस मिळतो, आणि विणकामाच्या सुयाही मिळतात. सुया अजून जुन्या इंग्रजी मोजणीनेच मागितल्या जातात, आणि तिच्यात आकडा चढेल तसतशी सुई बारीक होत जाते. दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबरची पावणेतीन; काठ बाराच्या सुईवर आणि अंग दहाच्या सुईवर, हा आपल्याकडील स्वेटरांचा शिरस्ता. यांपैकी पुष्कळशा सुया नीलगिरीतील केट्टी येथे 1949 साली स्थापन झालेल्या कारखान्याच्या असतात. सुई विकत घेताना टोकावरून अंगठ्याचे नख फिरवून पाहावे. तेथे सूक्ष्म खरवड लागली, तर प्रत्येक टाक्याला लोकरीचा एखादा पदर अडकणार, हे निश्चित समजावे.

लक्ष्मी रस्त्यावरील मोठ्या दुकानांत फार वेळ घालवण्याचे प्रयोजन नाही. तेथे तयार स्वेटर मांडलेले असतात, आणि लोकर मागितली तर ती माळ्यावरून काढावी लागते. पासोड्या विठोबावरून पुढे रविवार पेठेत आणि बोहरी आळीत शिरावे, म्हणजे खऱ्या अर्थाने या दिवसाचे सार्थक होते. मणी, लेस, बटणे, क्रोशाच्या सुया, तोरणांसाठी लागणारा सुती दोरा आणि छतापर्यंत रचलेले लोकरीचे गुंडे, असा सगळा साज हातभर रुंदीच्या दुकानांतून भरलेला दिसतो.

अशाच एका दुकानात मी जो संवाद ऐकला, तो विणकामाच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळलेला नाही. मुलीच्या बाळासाठी लोकर घ्यायला आलेल्या एका प्रौढ बाईंना दुकानदाराने रंग विचारला नाही की वजन विचारले नाही. त्याने विचारले, "काकू, दिवस कधी भरतायत?"

"चैत्रात."

"मग थ्री प्लायच न्या. जाड विणलंत तर थंडी येईपर्यंत बाळाला ते होणारच नाही."

चैत्रात जन्मलेले मूल मार्गशीर्षात आठ महिन्यांचे असणार, तेव्हा बारशाला दिलेला जाड स्वेटर घडीतच राहणार, हा हिशेब त्या माणसाला कोणी शिकवला असेल तर तो समोर येणाऱ्या आया-आज्यांनीच. पुढे रंगाचा विषय निघाला. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने मनाई आहे, आणि आगाऊ विणायला घेणाऱ्या आजीला मुलगा की मुलगी हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. साहजिकच मोतिया, लिंबी, पिस्ता आणि फिकट अबोली या छटांनी फळ्या भरलेल्या असतात. निळ्या-गुलाबीच्या परक्या वाटणीपेक्षा मला या छटा कितीतरी अधिक सात्त्विक आणि देखण्या वाटतात.

बाईंनी मोतिया पसंत केला. चार गुंडे निघाले. त्यांतले दोन दुकानदाराने उंबऱ्याबाहेर नेऊन उन्हात धरले. आत ट्यूबलाइटखाली जे गुंडे एकरूप भासत होते, त्यांतल्या एकाला बाहेर किंचित पिवळी झाक दिसली. रंगाच्या प्रत्येक घाणीत उष्णता, वेळ आणि रंगद्रव्याचे प्रमाण यांत केसभर फरक पडतो, म्हणून वेष्टनावर छटेच्या क्रमांकाबरोबर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. पाठ एका लॉटची आणि बाह्या दुसऱ्या लॉटच्या झाल्या, तर तो भेद धुतल्याने जात नाही. त्याने तो गुंडा बाजूला ठेवून त्याच लॉटचा दुसरा शोधून काढला, आणि उरलेला गुंडा वेष्टनासह परत आणल्यास घेण्याची कबुलीही दिली. ही वहिवाट या पेठेचे मोठे भूषण आहे. तान्ह्याच्या स्वेटरला सुमारे शंभर ग्रॅम लोकर पुरते, पण नवख्या हाताला हा अंदाज येत नाही, आणि परतीची हमी असली की तो हात धीटपणे पहिले टाके घालतो.

आता मालाविषयी. एके काळी हातविणीची लोकर म्हटली की कानपूरची 1876 सालची गिरणी आणि पंजाबातील धारीवालची 1880 सालची गिरणी, ही दोन नावे पुढे येत. आज फळीवरच्या बहुतेक वेष्टनांवर लुधियानाचा पत्ता असतो आणि आत बहुतांशी अॅक्रिलिक धागा असतो. त्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात; शुद्ध लोकरीच्या तंतूवरील खवले गरम पाण्यात चोळले गेले की एकमेकांत गुंततात आणि टोपडे आटून नमद्यासारखे घट्ट होते, अॅक्रिलिकचे तसे होत नाही. मात्र त्याला कडक इस्त्री लावू नये. विणीतला जीव जातो आणि तो परत येत नाही.

खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. माण, सांगोला, जत, आटपाडी या मुलखांत धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत, आणि त्यांची लोकर या पेठेतील विणकामाच्या दुकानात गुंजभरही नाही. दख्खनी मेंढीची काळी लोकर राठ असते. सणगर तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात, आणि ती घोंगडी पाऊस अंगावर घेते. पण तान्ह्या गालाला हे सूत लावता येणार नाही. तरीही पिशवी, आसन, जाड पायमोजे यांसाठी दोन सुयांवर ते सूत विणून पाहण्याची तजवीज कोणी हौशी मंडळाने केली, तर मला त्याचे अपार समाधान वाटेल.

ज्या वाचकांना ही फेरी करावयाची असेल, त्यांनी ती दिवाळीच्या आगेमागे करावी. नवा माल तेव्हाच उतरलेला असतो आणि एकाच लॉटचे आठ-दहा गुंडे, म्हणजे मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पुरेल इतका साठा, बिनतक्रार मिळतो. सकाळी दहाला निघून रविवार पेठ दुपारच्या विश्रांतीआधी आटोपावी, बरोबर विणायला घेतलेल्या कामाचा बोटभर तुकडा असावा, आणि घरात कोणाचे दिवस भरत असतील तर महिना आठवून जावे.